सापाचा उपास

आमच्याकडे न्यू जर्सीत लेकाचा बॉल पायथन आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या अजगराची ही लहान चणीची जात. गेल्या हिवाळ्यात त्याने नऊ आठवडे तोंडाला काही लावलं नाही. बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या सासूबाई फोनवर म्हणाल्या, "वाटीभर दूध ठेव गं." दूध हे सापाचं अन्नच नव्हे, हे मी वर्गात किती वर्षं शिकवलं!

या जातीचे नर थंडीत महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात. पाहायचं ते वजन. माझ्याच स्वयंपाकघरातल्या काट्यावर (हो, त्याच!) दर रविवारी तोलायचं. टाकीची उबदार बाजू ९० अंश फॅरनहाइटच्या आसपास, लपायला घट्ट जागा, हाताळणी बंद. गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात गरम करून चिमट्याने पुढे धरायचा. शाकाहारी घरात हे काम कुणाकडे आलं, सांगायला नको. वजन झपाट्याने उतरलं किंवा श्वासाला घरघर लागली, तर मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांचा जाणकार व्हेट गाठायचा.

आमचा १४०० ग्रॅमवरून १३६० वर आला. लेक रोज विचारायचा, "आई, मरेल का गं तो?"

दहाव्या रविवारी संध्याकाळी त्याने उंदीर धरला. लेकाने लगेच आजीला फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेतीन.