पोटाचे दुखणे आणि पडद्यावरचा डॉक्टर

पचनसंस्थेच्या विकारांत रोग्याला जाणवणारी तक्रार आणि आत प्रत्यक्ष असलेला बिघाड यांचा मेळ सहजासहजी बसत नाही, कारण जळजळ, पोट फुगणे किंवा भूक मंदावणे ही लक्षणे साध्या अजीर्णात जशी आढळतात तशीच जठरातील व्रणात आणि क्वचित कर्करोगाच्या सुरुवातीलाही आढळतात. १९५७ मध्ये बॅसिल हिर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण तयार केली, तेव्हा जठराचे अस्तर दिसू लागले खरे, पण ते दुर्बिणीच्या टोकाशी डोळा लावून बसलेल्या एकट्या डॉक्टरलाच. पुढे १९८३ च्या सुमारास प्रकाशाचे विद्युतसंकेतांत रूपांतर करणारी सीसीडी नावाची इवलीशी चकती दुर्बिणीच्या टोकावर बसवली गेली आणि तेच दृश्य पडद्यावर येऊन साठवता, मोठे करून पाहता आणि दुसऱ्या गावी पाठवता येऊ लागले. ‘दुर्बिणीची तपासणी’ म्हणून लोक जिला ओळखतात ती एंडोस्कोपी तेव्हापासून डिजिटल झाली आहे. अलीकडे बदलले आहे ते त्या चित्राचे आणि अहवालाचे पुढे काय होते, हे.

पालघर जिल्ह्यात या बदलाला विशेष अर्थ आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आणि जव्हार-मोखाड्याचे डोंगरी पाडे एकाच प्रशासनाखाली येतात, आणि पोटाच्या गुंतागुंतीच्या दुखण्यासाठी या दोन्ही भागांतील रोग्यांना बहुधा मुंबई किंवा गुजरातेतील वलसाड-सुरत गाठावे लागते. बोईसरच्या पश्चिमेला समुद्रकाठी वसलेल्या नवापूरच्या रोग्याने मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात जायचे ठरवले, तर आधी रिक्षाने बोईसर स्थानक, तेथून लोकलने सुमारे शंभर किलोमीटर, मग केसपेपरची रांग, असा त्याचा अख्खा दिवस आणि बरोबर येणाऱ्या नातेवाइकाचा रोजगार जातो. २०१३ पासून डहाणूपर्यंत धावणाऱ्या लोकलने प्रवास सुसह्य केला, पण ‘औषध चालू ठेवा, महिन्याने दाखवा’ एवढेच ऐकण्यासाठी पडणारी खेप टाळणे रेल्वेच्या हाती नव्हते.

ती टाळण्याचे काम दूरवैद्यक, म्हणजे फोन किंवा व्हिडिओ कॉलवरून दिला जाणारा वैद्यकीय सल्ला, करू शकते. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, आणि ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेतून त्याच वर्षीच्या एप्रिलपासून रोग्याला घरबसल्या डॉक्टरशी बोलता येऊ लागले. या सेवेचे दुसरे रूप ग्रामीण भागाला अधिक मानवणारे आहे: त्यात उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रोग्याला तपासतो, रक्तदाब व नाडी पाहतो आणि त्याला समोर बसवूनच दूरच्या डॉक्टरशी जोडून देतो. जुनाट आम्लपित्त, बद्धकोष्ठता, किंवा आतड्यात कोणताही व्रण नसताना पोट बिघडवणारा ‘आयबीएस’ यांसारख्या विकारांत निदान झाल्यानंतरचा बराचसा उपचार जेवणाच्या वेळा, झोप, औषधांचे प्रमाण आणि धीर देणे यांवर चालतो, त्यामुळे तो संवादातून चांगला साधतो. पाळी दर आठवड्याला बदलणाऱ्या कामगाराने जेवण, झोप आणि दुखण्याची वेळ महिनाभर मोबाइलवर नोंदवली, तर अंगदुखीसाठी परस्पर घेतलेल्या गोळ्या आणि पोटातील जळजळ यांचा संबंध डॉक्टरच्या झटकन लक्षात येतो; एरवी तो रोगी ‘मेडिकल’मधून ॲसिडिटीची गोळी घेऊन वर्षानुवर्षे दिवस ढकलत असतो.

मात्र पोटाची तपासणी ही हाताची विद्या आहे. बेंबीजवळ सुरू झालेले दुखणे उजवीकडे खाली सरकले, तर डॉक्टर तेथे हळूहळू दाबून हात एकदम उचलतो. दाबताना होते त्याहून जोराची कळ हात सोडताना आली, तर पोटाच्या आतील आवरणाला सूज आल्याची शंका येते आणि ॲपेंडिक्सचा विचार करावा लागतो. ही कळ कॅमेऱ्याला कळत नाही. व्हॉट्सॲपवर अहवालाचा तिरका, अर्धवट फोटो पाठवून मिळवलेला सल्लाही तितकाच कच्चा असतो, म्हणून आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली मिळणाऱ्या १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाचे महत्त्व अधिक आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या या योजनेत रोग्याच्या संमतीने त्याचे अहवाल एका रुग्णालयातून दुसऱ्याला दिसू शकतात. प्लास्टिकच्या पिशवीतील भिजलेल्या फायलीपेक्षा ही सोय निश्चितच बरी, पण रुग्णालयांनी नोंदी खरोखर जोडल्या तरच.

नोंदींचा प्रश्न नवापूरच्या बाबतीत आणखी खोल जातो. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी वाहिनीने नवापूरच्या समुद्रात सोडले जाते आणि त्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितलेली आहे. अशा ठिकाणी जुलाब, कावीळ वा जुनाट पोटदुखी यांचे मूळ पाण्यात आहे, अन्नात आहे की अन्य कशात, हे केवळ भावनेने ठरत नाही. त्यासाठी कोणत्या पाड्यात, कोणत्या महिन्यात किती रोगी आले याची सलग नोंद लागते. ५ एप्रिल २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘एकात्मिक आरोग्य माहिती मंच’ या केंद्रीय व्यवस्थेत ३३ रोगांची माहिती जवळजवळ त्याच वेळी संगणकावर भरता येते. जुलाबाचे रोगी एकाच वस्तीत वाढू लागले तर पाण्याचे नमुने लगेच घेता यावेत, हा तिचा हेतू. चमकदार यंत्रांपेक्षा हे रूक्ष काम या किनाऱ्याच्या अधिक उपयोगाचे आहे.

यंत्रे चमकदार आहेत यात शंका नाही. गव्रिएल इद्दान या इस्रायली अभियंत्याच्या कल्पनेतून आलेली आणि २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली कॅमेऱ्याची गोळी सुमारे २६ मिलिमीटर लांबीची असते; ती गिळल्यावर लहान आतड्यातून जाताना हजारो छायाचित्रे कमरेच्या पट्ट्यातील यंत्राकडे पाठवते आणि शेवटी शौचावाटे निघून जाते. पण तिला तुकडा काढता येत नाही की रक्तस्राव थांबवता येत नाही, आणि आतडे अरुंद झालेल्या रोग्यात ती अडकूही शकते. मोठ्या आतड्याच्या तपासणीत कोंब, म्हणजे पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठी, पडद्यावर चौकट आखून दाखवणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे ते अधिक सापडतात. परंतु पोलंडमधील २०२५ च्या एका अभ्यासात या मदतीची सवय झाल्यानंतर तिच्याविना केलेल्या तपासण्यांत असे कोंब सापडण्याचे प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर आल्याचे आढळले. जेथे दुर्बीण चालवणारा तज्ज्ञच मुळात कमी, तेथे ही चर्चा सध्या तरी दूरची आहे.

व्हिडिओ कॉलवर सल्ला घेणाऱ्याने जुन्या अहवालांची पाने उजेडात, सपाट ठेवून त्यांचे फोटो काढून ठेवावेत आणि चालू असलेली सर्व औषधे, अगदी लोहाच्या गोळ्याही, सांगाव्यात, कारण लोहामुळेही शौच काळी होते. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी व चिकट शौच, लाकडासारखे कडक झालेले पोट किंवा तापासह कावीळ दिसली, तर मात्र कॉल लागण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि घास अडकणे किंवा कारण नसताना वजन घटणे सुरू झाले असेल, तर फोनवरच्या सल्ल्यावर न थांबता दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.