मॅगझिन बसलं म्हणजे लागलं असं नाही

मॅगझिन मुठीत वर सरकतं, टोकाला पोचतं आणि ‘कट’ असा आवाज येतो. मॅगझिन कॅचचा दात मॅगझिनच्या अंगावरच्या खाचेत शिरला, एवढाच त्या आवाजाचा अर्थ. नवा शिपाई तिथेच थांबतो. आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा, थांबत नाही. तो मॅगझिन खालून चिमटीत धरून एक झटका देतो. खाच झिजलेली असेल किंवा दात बोथट झालेला असेल, तर आवाज करून बसलेलं मॅगझिन त्या झटक्यानं हातात येतं. गोळीबाराच्या मैदानावर तेच मॅगझिन पहिल्या दोन राउंडनंतर पायाशी पडलं असतं.

माझी नोकरी हत्यारांच्या दुरुस्तीत गेली. आता ऊर्जानगरला, चंद्रपूर वीजकेंद्राच्या वसाहतीत, मुलाच्या क्वार्टरमध्ये असतो. या वसाहतीत बंदुकीचा विषय निघतो तो वाघावरून. २०२२च्या फेब्रुवारीत वीजकेंद्राच्या आवारातच वाघानं एका कामगाराला मारलं, तेव्हापासून तर जास्तच. संध्याकाळी फिरायला निघालेला कुणीतरी विचारतोच, “काकाजी, पिस्तुलाचं लायसन काढावं का?” वाघासाठी पिस्तूल नसतं, हे मी प्रत्येकाला सांगतो. पण ज्यांच्या घरात वडिलांपासूनचं, लायसनवरचं .३२ बोअरचं पिस्तूल आहे, त्यांचा प्रश्न वेगळा असतो आणि तो माझ्या धंद्यातला असतो. मॅगझिन खराब झालंय, दुसरं कुठलं चालेल?

या प्रश्नाचं उत्तर मी कोतात, म्हणजे शस्त्रागारात, शिकलो. पोलिसांच्या कोतात पिस्तूल म्हणजे बहुतेक ९ एमएम, १ए. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचं. त्याचं मूळ घराणं बेल्जियमचं, एफएन कंपनीचं. अमेरिकन जॉन ब्राउनिंगनं काम सुरू केलं. तो १९२६ साली लीएजमध्ये वारला आणि दियुदोने सेव्ह यानं ते पुरं केलं. १९३५ साली बेल्जियमच्या सैन्यानं ते घेतलं. पुढच्या महायुद्धात बेल्जियम जर्मनांच्या हातात गेला, तेव्हा टोरोंटोच्या इंग्लिस कंपनीनं १९४४पासून हेच पिस्तूल बनवलं. आपलं १ए त्या इंग्लिसच्या नमुन्यावरचं.

सेव्हची खरी करामत पिस्तुलापेक्षा मॅगझिनमध्ये आहे, असं माझं मत. त्याआधीच्या कोल्ट १९११मध्ये सात राउंड एकावर एक, एका रांगेत. सेव्हनं ते आजूबाजूला, नागमोडी दोन रांगांत बसवले आणि वर तोंडाशी पुन्हा एका रांगेत आणले. त्यामुळे मूठ फार जाड न होता तेरा राउंड मावले. आज दोन रांगांची जी पिस्तुलं दिसतात, ती जवळजवळ सगळी याच वाटेनं जातात. पण वाट अरुंद करायची म्हणजे पत्र्याचा कोन नेमका लागतो. खालच्या बाजूला मॅगझिन थोडं चेपलं तरी चालून जातं. दोन रांगांची एक होते तिथे चेपलं, तर राउंड तिथेच अडतो.

वार्षिक तपासणीत मॅगझिनचा ढीग टेबलावर यायचा. पिस्तुलाला बॉडी नंबर असतो, तो रजिस्टरला असतो आणि चुकत नाही. मॅगझिन मात्र हातोहात फिरतं. या पिस्तुलाचं त्या होल्स्टरमध्ये जातं, मैदानावर दोघांची अदलाबदल होते आणि काही वर्षांनी कुठलं कुणाचं हे सांगता येत नाही. नमुना एकच असल्यानं सगळी सगळ्यांत बसतात. म्हणून प्रत्येक मॅगझिन ज्या पिस्तुलासोबत द्यायचं, त्याच पिस्तुलात घालून बघावं लागतं.

बघायचं काय? आधी रिकामं मॅगझिन उजेडात धरून लिप्स, म्हणजे राउंडला वर धरणारे पत्र्याचे दोन कान. काँक्रिटवर पडलेल्या मॅगझिनचा एक कान फाकलेला असतो. मग प्लॅटफॉर्म, म्हणजे राउंडांना खालून वर ढकलणारी पट्टी, अंगठ्यानं खाली दाबून सोडायचा. तो मध्येच रेंगाळला तर आत धूळ आहे किंवा पत्रा आत आलेला आहे. बॉटम प्लेट काढून स्प्रिंग बाहेर काढायची आणि नव्या स्प्रिंगशेजारी उभी करायची. उंचीतला फरक डोळ्यालाच दिसतो. आत चिंधी फिरवायची, पण तेल जवळजवळ नाही. चंद्रपूरच्या बाजूला कोळशाची आणि राखेची बारीक धूळ हवेत असते. तेलावर ती बसते आणि दोन महिन्यांत मॅगझिनच्या आत काळा चिखल होतो. मग ड्रिल राउंड, म्हणजे न उडणारे नकली राउंड, भरून स्लाइड हातानं मागेपुढे. सगळे राउंड गेले की स्लाइड मागे अडकून राहिली पाहिजे, कारण शेवटी प्लॅटफॉर्मच स्लाइड स्टॉपला वर ढकलतो. स्लाइड पुढे गेली तर बहुतेक वेळा स्प्रिंग थकलेली असते किंवा प्लॅटफॉर्मचा कोपरा झिजलेला असतो.

एवढ्या तपासणीत पास झालेलं मॅगझिन दुसऱ्या पिस्तुलात का अडतं? या पिस्तुलात मॅगझिन हा नुसता डबा नाही. ट्रिगरमध्ये एक छोटा प्लंजर आहे आणि तो मॅगझिनच्या पुढच्या पत्र्यावर टेकतो. मॅगझिन आत असेल तरच तो दाबला जातो आणि ट्रिगर काम करतो. मॅगझिन काढलं की ट्रिगर मेला. म्हणजे मॅगझिनचा पुढचा पत्रा ट्रिगरच्या यंत्रणेचा भाग झाला. तो खरखरीत असेल, गंजलेला असेल, तर ट्रिगर जड आणि किरकिरा लागतो. शिपाई तक्रार करतो की पिस्तुलाचा ट्रिगर खराब आहे. मॅगझिन बदलून दिलं की तक्रार संपते. शिवाय प्लंजरच्या दाबामुळे कॅच दाबल्यावर मॅगझिन आपोआप खाली पडत नाही, बोटानं ओढावं लागतं. एफएननं पुढच्या, मार्क ३ पिढीत यावर तोड काढली. मॅगझिनच्या बुडाशीच एक उसळणारी स्प्रिंग बसवली, ती मॅगझिनला बाहेर फेकते. उंदराच्या सापळ्यासारखी दिसते म्हणून तिकडे तिला नावही तेच पडलं आहे. ते नवं मॅगझिन जुन्या पिस्तुलात चालतं आणि जुनं मॅगझिन नव्या पिस्तुलातही चालतं, फक्त फेकलं जात नाही.

याच प्लंजरनं एक वाईट सवयही लावली. मॅगझिन काढलं की पिस्तूल सुरक्षित, असं माणसं धरून चालतात. चेंबरमधला राउंड तसाच असतो. मॅगझिन परत घातलं की ट्रिगर जिवंत. ग्लॉक पिस्तुलात तर असा प्लंजरच नाही. मॅगझिन बाहेर असलं तरी चेंबरमधला राउंड सुटतो. एकाच माणसाच्या हातात दोन्ही पिस्तुलं आली की धोका इथे आहे. म्हणून मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढा, चेंबर डोळ्यानं आणि बोटानं बघा, हा क्रम कुठल्याही पिढीच्या पिस्तुलाला बदलत नाही.

ग्लॉक आपल्याकडे एनएसजीमुळे माहीत झालं. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्यानं घेतलेल्या या पिस्तुलाच्या आजवर अनेक पिढ्या झाल्या. कंपनीनं एक गोष्ट मात्र हट्टानं सांभाळली: मॅगझिनचं मूळ माप बदलायचं नाही. पहिल्या काळच्या मॅगझिनच्या प्लॅस्टिकला आतून पूर्ण पत्रा नव्हता. भरल्यावर ती फुगायची आणि मुठीत अडकून राहायची. नंतर चारी बाजूंनी पत्रा आला. २०१०च्या चौथ्या पिढीत मॅगझिन कॅच डाव्या बाजूचा उजव्या बाजूला करता येऊ लागला, डावखुऱ्यांसाठी. तेव्हापासून मॅगझिनला दोन्ही बाजूंना खाच आली. नवं मॅगझिन सगळ्या जुन्यांत लागतं. जुनं मॅगझिन नव्या पिस्तुलात लागतं, पण कॅच डावीकडेच असेल तर. डावखुऱ्या माणसानं तो फिरवून घेतला असेल तर जुनं मॅगझिन आत जातं आणि बाहेर पडतं. दात आहे, खाच नाही. शिवाय ग्लॉक १७चं लांब मॅगझिन ग्लॉक १९च्या आखूड मुठीत चालतं, खाली थोडं लोंबतं एवढंच. १९चं मॅगझिन १७मध्ये वरपर्यंत पोचतच नाही.

इटलीच्या बेरेटा ९२ची गंमत याच्या उलट. सुरुवातीच्या पिस्तुलांत मॅगझिन कॅच मुठीच्या तळाशी होता. ९२एसबीपासून तो ट्रिगर गार्डच्या मागे, वर गेला. मॅगझिन तेच, पत्रा तोच, राउंड तेच. खाचेची जागा फक्त बदलली. वरच्या खाचेचं मॅगझिन जुन्या पिस्तुलात हवं तितकं दाबा, लागणार नाही. दोन्ही खाचा असलेलं असेल तरच दोन्हीकडे चालेल. बाजारात ‘बेरेटा ९२चं मॅगझिन’ असं नुसतं मागणारा माणूस निम्मंच सांगत असतो.

हे मी शेजारच्या मुलाला सांगत होतो. तो वीजकेंद्रात मिलच्या देखभालीवर आहे. तो हसला. “आमच्याकडं तेच तं आहे काकाजी. २१०चं सामान ५००ले नाही लागत.” इथला पहिला संच १९८३चा, २१० मेगावॉटचा. ५०० मेगावॉटचे संच नव्वदच्या दशकात आले आणि शेवटचे दोन त्यानंतर कितीतरी वर्षांनी. सुरुवातीचे दोन संच आता बंद आहेत. संचाची पिढी बदलली की स्टोअरमध्ये रॅकही वेगळा होतो, आणि कुठला नट कुठल्या संचाचा हे माहीत असलेला माणूस निवृत्त झाला की महिनाभर गोंधळ असतो, असं तो म्हणाला.

पिढ्या जुळवून घेणं हा कारखान्याचा निर्णय असतो आणि त्यामागे बहुतेक वेळा शिल्लक माल असतो. इंग्रजांकडे महायुद्धातल्या स्टेन गनची मॅगझिनं ढिगानं होती, म्हणून पुढच्या स्टर्लिंगमध्ये ती चालतील असं बघितलं गेलं. आपली ९ एमएम कार्बाइन त्या स्टर्लिंगचीच. पण स्टर्लिंगचं स्वतःचं मॅगझिन जास्त चांगलं: वळणदार, आत प्लॅटफॉर्मच्या जागी रोलर आणि राउंड दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं वर येतात. जुनं चालतं म्हणजे तितकंच चांगलं चालतं, असं नाही.

एफएननं मात्र तोडायचं ठरवलं. जुनं पिस्तूल त्यांनी २०१७च्या सुमारास बंद केलं आणि २०२२ साली त्याच्या जागी नवं काढलं. त्यात सतरा राउंड. जुनी मॅगझिनं त्यात चालत नाहीत आणि नवी जुन्यात चालत नाहीत. त्याच्या एक वर्ष आधी अमेरिकेत स्प्रिंगफील्ड कंपनीनं याच जुन्या नमुन्याचं पिस्तूल काढलं. मॅगझिन जुन्याच मापाचं ठेवलं, आत पंधरा राउंड बसवले आणि तो प्लंजर काढून टाकला. माझ्या लेखी दुसरं काम जास्त शहाणपणाचं. ऐंशी वर्षांची मॅगझिनं जगभरच्या कोतांत पडून असताना त्यांना एका फटक्यात निरुपयोगी करायचं, तर बदल्यात चार राउंडांपेक्षा मोठं काहीतरी द्यायला हवं.

आता घरगुती लायसनवाल्यांकडे. ९ एमएम हा बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाही, म्हणून घरात असतं ते .३२. पूर्वी आयात झालेली वॉल्थर, कोल्ट, वेब्ली अजून लोकांकडे आहेत. त्यांचं पिस्तूल टिकतं, मॅगझिन टिकत नाही. वॉल्थर पीपीचं आठ राउंडांचं मॅगझिन आखूड पीपीकेमध्ये चालतं, खाली लोंबतं. पीपीकेचं सात राउंडांचं पीपीमध्ये चालत नाही. बाकी एकाचं दुसऱ्याला लागेल, या आशेवर राहू नये. एका गृहस्थांनी लिप्स कानशीनं घासून दुसऱ्याच पिस्तुलाचं मॅगझिन बसवून आणलं होतं. बसलं होतं झकास. लिप्स पातळ झाल्यानं राउंड वर उडत होते. असं मॅगझिन दुरुस्त होत नाही, ते बाजूलाच ठेवावं लागतं.

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात पिकाच्या राखणीसाठी जी भरमार असते, तिच्या मालकाला यातलं काहीच करावं लागत नाही. नळीत दारू आणि छर्रे वरून ठासायचे. प्रत्येक भरमार आपल्यापुरती. तिचा कुठलाही भाग दुसरीला लागत नाही आणि लागावा अशी कुणाची अपेक्षाही नसते.

लायसनवाल्यांना दोन गोष्टी सांगतो. मॅगझिन घ्यायचं तर पिस्तूल आणि लायसन दोन्ही घेऊन परवानाधारक दुकानदाराकडे जा आणि नाव नाही, मॉडेल नि पिढी सांगा. शस्त्र कायद्यात हत्याराचे सुटे भागही हत्यारातच मोजतात, म्हणून कुणाकडून तरी हातोहात मॅगझिन घेऊ नका. आणि निवडणुकीत पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करताना पावतीवर पिस्तुलाच्या नंबरासोबत मॅगझिनं किती दिली, हेही लिहून घ्या. परत घेताना ते मॅगझिन तिथेच, ठाण्याच्या टेबलावर, रिकाम्या पिस्तुलात लावून खालून एक झटका देऊन बघा.