पैसा तिचा, निर्णय तिचा
भाग ९ : आपल्यामागे कुणाला?

पहिल्या पगारापासून सुरुवात करून विमा, घरकर्ज, मुलांचं शिक्षण असं करत आपण चाळिशीच्या पुढे आलो आहोत. या वयात नोकरी करणाऱ्या बाईच्या नावावर बऱ्यापैकी पुंजी साठलेली असते. प्रॉव्हिडंट फंड, दोन-चार एफडी, थोडं सोनं, एखादीचा स्वतःचा वन-बीएचके. मागच्या भागावर आलेल्या पत्रांत एका शिक्षिकेचं पत्र होतं. लग्नानंतर काही वर्षांतच त्यांचे पती गेले, मूल नाही, पुढची सगळी वर्षं माहेरी भावाच्या आधाराने काढली. ‘माझ्यामागे सगळं आपोआप भावालाच मिळेल ना?’ असं त्यांनी विचारलं आहे. नाही मिळणार. पुढचं सगळं या एका उत्तरासाठीच लिहिते आहे, कारण शिकल्यासवरल्या घरांतही हे कुणाला माहीत नसतं.

हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा आहे. इच्छापत्र न करता स्त्री वारली तर तिची मिळकत कुणाकडे जाईल, ते त्याच्या कलम १५ मध्ये सांगितलं आहे. पहिला हक्क मुलगे, मुली आणि नवऱ्याचा. यांतलं कुणीच नसेल तर नवऱ्याच्या वारसांचा, म्हणजे सासू, सासरे, दीर, नणंद, त्यांची मुलं. यांच्यापैकीही कुणी नसेल तरच तिच्या आईवडिलांचा, आणि भावंडं त्यांच्याही मागे. पुरुषाच्या बाबतीत असं नाही. बायको-मुलं नसलेला पुरुष गेला, तर त्याची मिळकत त्याच्या आईकडे जाते, ती नसेल तर वडिलांकडे आणि पुढे भावंडांकडे. मेव्हणा-मेव्हणी त्या यादीत कुठेच नाहीत.

कायद्यात एक अपवाद आहे. निपुत्रिक बाईला आईवडिलांकडून वारशाने मिळालेली मिळकत वडिलांच्या वारसांकडे परत जाते आणि नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून आलेली नवऱ्याच्या वारसांकडे. स्वतः कमावलेल्या पैशाबद्दल अपवादात शब्दही नाही, म्हणून तो मूळ क्रमानेच जातो. म्हणजे वडिलांच्या वारशातून आलेलं शेत माहेरी परत जाईल, पण तीस वर्षं नोकरी करून साठवलेली ठेव सासरी जाईल.

याचा अर्थ प्रत्यक्षात काय होतो, ते ‘ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण’ या खटल्यात दिसतं. सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल २००९ सालचा. नारायणीदेवींचं लग्न १९५५ मध्ये झालं आणि तीनच महिन्यांत त्यांचे पती साप चावून गेले. सासरच्यांनी त्यांना घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी सांभाळलं, शिकवलं, त्या नोकरीला लागल्या आणि पुन्हा कधी सासरी गेल्या नाहीत. १९९६ मध्ये त्या वारल्या तेव्हा मागे बँकेतल्या ठेवी, प्रॉव्हिडंट फंड अशी चांगली रक्कम होती. इच्छापत्र नव्हतं. त्यांच्या आईने वारसा प्रमाणपत्रासाठी अर्ज केला, तसा नणंदेच्या मुलांनीही केला. पैसे नणंदेच्या मुलांना मिळाले. सहानुभूती वाटली म्हणून कायद्याचे स्पष्ट शब्द बाजूला ठेवता येत नाहीत, अशी न्यायालयाची भूमिका होती. मला हा कायदा अन्यायाचाच वाटतो आणि तो बदलायला हवा. पण तो बदलेपर्यंत नुसतं थांबून राहायचं कारण नाही. नारायणीदेवींनी दोन साक्षीदारांसमोर एक पानभर इच्छापत्र केलं असतं, तर कलम १५ चा प्रश्नच आला नसता.

मुलंबाळं असलेल्या वाचकांनीही हे आपल्यासाठी नाही असं समजू नये. नवरा आणि मुलं असतील तर सगळं त्यांच्यात समान वाटलं जातं आणि आईला काहीच मिळत नाही. आईचं औषधपाणी, तिच्याकडच्या कामवाल्या बाईंचा पगार लेकच भागवते अशी कितीतरी घरं आहेत. लेक आधी गेली तर त्या आईचं पुढे कसं व्हायचं, हे लेकीनेच लिहून ठेवायला हवं. नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या बायकांनी तर आजच विचार करावा. घटस्फोटाचा हुकूमनामा झालेला नसेल, तर दहा वर्षं तोंड न पाहिलेला नवराही कायद्याने पहिल्या रांगेतला वारस असतो.

“पण नॉमिनी भाऊच आहे,” असं बऱ्याच जणी म्हणतात. नॉमिनी म्हणजे पैसे ज्याच्या हाती सोपवायचे तो. मालकी वारसांची किंवा इच्छापत्रात नाव असेल त्याची. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये साळगावकर कुटुंबाच्या खटल्यात हेच स्पष्ट केलं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थाही वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरतं सभासदत्व देतात. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम सहसा त्यांचीच होते. भाऊ-बहीण त्यात येत नाहीत.

प्रॉव्हिडंट फंडाची आणखी एक गोष्ट. नोकरीला लागताना, लग्नाआधी, आईचं नाव टाकलं असेल तर लग्न झाल्यावर ते नामनिर्देशन आपोआप रद्द ठरतं. ते नव्याने भरावं लागतं. आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांची नावं पुन्हा देता येतात. बँकेच्या ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात, कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. ते जरूर करा, आणि इच्छापत्रातली नावं त्याच्याशी जुळवून घ्या. नॉमिनी एक आणि इच्छापत्रात दुसरं नाव असलं की घरात भांडण ठरलेलं.

इच्छापत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही. साध्या कागदावर, मराठीत, स्वतःच्या हाताने लिहिलेलं चालतं. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद होईल असं वाटत असेल तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात करून घ्यावी. मजकूर असा काहीसा असावा :

“मी, अमुक, वय इतकं, राहणार अमुक, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे इच्छापत्र करत आहे. यापूर्वीची माझी सर्व इच्छापत्रं रद्द समजावीत. माझ्या नावे अमुक बँकेच्या अमुक शाखेत असलेल्या सर्व ठेवी माझ्या भावाला द्याव्यात. तो माझ्याआधी वारल्यास त्या त्याच्या मुलीला द्याव्यात.”

हे शेवटचं वाक्य बहुतेक जण विसरतात. ज्याला द्यायचं तोच आधी गेला तर पुढे कुणाला, हे लिहिलेलं नसेल तर तेवढा भाग पुन्हा कायद्याच्या क्रमाने जाऊ शकतो. यादी संपल्यावर ‘याशिवाय माझं जे काही असेल ते अमुकला’ असंही लिहावं, म्हणजे नंतर काढलेली एफडी बाहेर राहत नाही. खाली तारीख, तुमची सही आणि तुम्हाला सही करताना पाहिलेल्या दोघांच्या सह्या. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान असावेत आणि इच्छापत्रात त्यांना काही मिळणारं नसावं. वय जास्त असेल तर एक साक्षीदार नेहमीचे डॉक्टर असलेले बरे.

मुस्लिम भगिनींना वारसांच्या संमतीशिवाय साधारण एक तृतीयांश मिळकतीचंच इच्छापत्र करता येतं. गोव्याचा कायदा निराळा आहे. तिथे लग्नानंतर मिळकतीत पतीपत्नीचा सहसा निम्मानिम्मा वाटा असतो आणि मुलं किंवा आईवडील असतील तर स्वतःच्या वाट्याच्याही अर्ध्याच भागाबद्दल हवं तसं लिहिता येतं. या दोन्ही बाबतींत वकिलांना विचारूनच पुढे जावं.

मूळ प्रत एकटीच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तुमच्यामागे लॉकर उघडायलाच घरच्यांना खेपा घालाव्या लागतील आणि तोवर कागद आतच राहील. ज्याच्यावर अंमलबजावणी सोपवली आहे त्याला प्रत कुठे आहे ते सांगून ठेवा.

पुढच्या भागात : जोडखातं, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ आणि ‘जॉइंटली’ यांतला फरक.