झाकणाखालचं जेलातो

मुलांनो, पिस्त्याच्या आइस्क्रीमचा रंग कोणता? आमच्या चौथीच्या वर्गात विचारलं, तर सगळ्या बाकांवरून एकच उत्तर आलं, "हिरवागार!" आता घरात पिस्ते असतील तर दोन सोला, तव्यावर जरा भाजा आणि खलबत्त्यात कुटून बघा. होतो का पोपटासारखा रंग? छे! मळकट, शेवाळी, थोडासा तपकिरीच.

हे इटलीतल्या मुलांना बरोबर ठाऊक असतं. माझी बहीण नोकरीनिमित्त तिथल्या बोलोन्या शहरात राहते. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते. शहर फार जुनं. रस्त्यांच्या कडेने कमानींच्या लांबच लांब पडव्या आहेत. सगळ्या मिळून साठ किलोमीटरच्या वर भरतात! ऊन असो की पाऊस, छत्रीचं कामच नाही. या पडव्यांखालून चालताना जागोजाग जेलातोची दुकानं लागतात. जेलातो म्हणजे इटलीचं आइस्क्रीम. शब्दाचा अर्थ अगदी साधा, 'गोठवलेलं'.

एका दुकानात काचेमागे निळे, गुलाबी, हिरवेगार डोंगर रचले होते. मी बघत उभी राहिले, तर दहा वर्षांची भाची हात ओढत म्हणाली, "मावशी, इथे नको. पुढे चल."

पुढच्या दुकानात तर काहीच दिसेना! नुसता ओटा आणि त्यात बसवलेली स्टीलची गोल झाकणं. झाकणांखाली खोल डबे. त्यांना 'पोत्सेत्ती' म्हणतात, म्हणजे छोट्या विहिरी. विहिरीसारखाच आत सगळीकडे सारखा थंडावा, आणि हवा-उजेड लागत नाही.

आता विचार करा. काचेमागचा तो वीतभर उंच डोंगर न वितळता उभा कसा राहतो? एक तर त्यात हवा जास्त भरलेली असते, नाहीतर त्याला धरून ठेवणारे पदार्थ जास्त घातलेले असतात. तशी घुसळताना थोडी हवा शिरायलाच हवी, नाहीतर आइस्क्रीमचा दगड होईल. प्रश्न किती, एवढाच. कारखान्यातल्या स्वस्त आइस्क्रीममध्ये जवळजवळ निम्मी हवा असू शकते. चांगल्या जेलातोत ती साधारण पाव हिस्सा किंवा त्याहूनही कमी. म्हणून तर तिथे घरी न्यायचं जेलातो किलोवर विकतात. हवेला कुठे वजन मिळणार! आपल्याकडचे डबे लिटरवर विकले जातात. पण आपल्याकडेही नियम आहे हं, एक लिटर आइस्क्रीमचं वजन निदान ५२५ ग्रॅम भरलं पाहिजे. घरी काटा असेल तर करून बघा.

दुकानदारकाकांनी आम्हाला आतली खोलीही दाखवली. दूध, साखर आणि थोडी साय एकत्र तापवायची, झटपट थंड करायची, काही तास मुरू द्यायची आणि मग यंत्रात घुसळत गोठवायची. असं आपोआप घुसळणारं यंत्र याच बोलोन्यात १९२७च्या सुमारास ओत्तेल्लो कात्ताब्रिगा यांनी तयार केलं. त्याआधी सगळं हातानं. मधे दुधाचं भांडं आणि भोवती बर्फ न् मीठ. आपल्या पॉट आइस्क्रीमसारखंच की! मीठ कशाला, असं कुणी विचारेलच. मिठामुळे बर्फ वितळू लागतो आणि वितळायला लागणारी उष्णता आसपासून ओढून घेतो. मीठ भरपूर असेल तर तापमान शून्याखाली २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. मग दूध बिचारं गोठणार नाही तर काय करील?

"कोनो ओ कोप्पेत्ता?" काकांनी विचारलं. कोन की कप? आम्ही कप घेतला. त्यांनी एक झाकण उचललं आणि पसरट कालथ्यानं जेलातो कपात थापलं. पिस्त्याचंच, मळकट शेवाळी! नेहमीच्या आइस्क्रीमपेक्षा ते कमी गार असतं, त्यामुळे जीभ बधिर होत नाही आणि चव लगेच कळते. खमंग भाजलेल्या पिस्त्याची चव होती ती.

इटलीतले सगळ्यात नावाजलेले पिस्ते सिसिली बेटावरच्या ब्रोन्ते गावचे. एटना ज्वालामुखीच्या उतारावर, लाव्हाच्या खडकाळ जमिनीत ही झाडं वाढतात, आणि पीक काढतात एक वर्षाआड. मग ते महाग असणारच. हिरवा रंग मात्र बाटलीत बारा महिने स्वस्त मिळतो. केळ्याचंही तसंच. खरं केळं घातलेलं जेलातो पिवळंधमक नसतं, करडट पांढरं असतं. भाचीनं मला तेही झाकण उघडायला लावून दाखवलं.

माझ्या मनात मात्र अंजीर होतं. सासवडकडची मी, अंजीर म्हटलं की राहवत नाही. भाचीनं इटालियनमध्ये विचारलं. काकांनी मान हलवली आणि स्ट्रॉबेरीची पाटी लावलेल्या झाकणाकडे बोट दाखवलं.

"मावशी, ते म्हणतायत अंजीर हवं असेल तर सप्टेंबरात या."