पडायचं कुठे, हे आधी ठरवा!

रिजेक्शन वाढलं, लाइन थांबली, कस्टमरचा मेल आला. चाकण, भोसरी, तळवड्यात काम करणाऱ्या कुणालाही पुढची मीटिंग तोंडपाठ असते. पहिला प्रश्न, ‘कोणी केलं?’ मग शिफ्टवाला मेंटेनन्सकडे बोट दाखवतो, मेंटेनन्सवाला सप्लायरकडे. तासाभराने एक नाव सापडतं, कारण मात्र सापडत नाही. पुढच्या महिन्यात तोच पार्ट, तोच डिफेक्ट!

अशा मीटिंगला वैतागलेल्यांनी रॉकेट उतरवणाऱ्यांची गोष्ट जरूर ऐकावी.

जे बुडणारच होतं...

स्पेसएक्सच्या फाल्कन 9 रॉकेटचा बूस्टर परत उतरवायचा आणि पुन्हा वापरायचा, हे आज रुटीन झालंय. सुरुवातीला मात्र नुसती आपटाआपटी होती. जानेवारी 2015 मध्ये समुद्रातल्या तरंगत्या प्लॅटफॉर्मवर उतरताना दिशा सांभाळणाऱ्या पंखांचं हायड्रॉलिक ऑइल ऐनवेळी संपलं. पुढच्या खेपेला ऑइल जास्त भरलं. एप्रिलमध्ये इंजिनाचा व्हॉल्व्ह वेळेवर हलला नाही, बूस्टर टेकला आणि कलंडला. डिसेंबर 2015 मध्ये फ्लोरिडात जमिनीवर तो अखेर सरळ उभा राहिला. टाळ्या! पण जानेवारी 2016 मध्ये समुद्रावर एक पाय लॉकच झाला नाही आणि पुन्हा धडाम. एप्रिल 2016 मध्ये समुद्रातही जमलं. मार्च 2017 मध्ये वापरलेला बूस्टर पुन्हा उडाला.

यातली खरी हुशारी कुठे आहे? बूस्टर खाली येईपर्यंत त्याचं वर ढकलायचं काम झालेलं असायचं. कस्टमरचं सामान पुढे गेलेलं. एरवी तो समुद्रातच बुडणार होता. म्हणजे प्रयोग बुडीत मालावर, आणि प्रत्येक आपटीतून हाती लागला डेटा!

आपल्या पिंपरीची गोष्ट

आता उलटं उदाहरण. टेल्कोची, म्हणजे नंतरच्या टाटा मोटर्सची इंडिका डिसेंबर 1998 मध्ये आली. बुकिंग लाखाच्या वर गेलं. पण गाड्या रस्त्यावर आल्या आणि आवाज, थरथर अशा तक्रारी सुरू झाल्या. इथे पडणं झालं ते थेट कस्टमरच्या दारात, म्हणून महागात गेलं. त्यात ट्रकच्या बाजारातही मंदी. 2000-01 मध्ये कंपनीला सुमारे 500 कोटी रुपयांचा तोटा झाला. तरी हात झटकून मोकळं न होता इंजिनिअर मंडळी पुन्हा त्याच गाडीवर बसली. 2001 मध्ये इंडिका व्ही2 आली आणि तिने गेलेलं नाव परत मिळवलं.

चूक, तीही मुद्दाम

इस्रोने तर आणखी पुढची पायरी गाठली. पुन्हा वापरता येणाऱ्या यानाच्या तयारीसाठी ‘पुष्पक’ हे पंखांचं यान चित्रदुर्ग जिल्ह्यात हेलिकॉप्टरमधून सोडून धावपट्टीवर उतरवलं गेलं. एप्रिल 2023 मध्ये पहिली चाचणी सरळ मार्गाची. मार्च 2024 मध्ये यान मुद्दाम बाजूला सोडलं. जून 2024 मध्ये तर तब्बल 500 मीटर बाजूला, तेही जास्त वाऱ्यात. तिन्ही वेळा यान आपलं आपण वाट सुधारून उतरलं. गडबड होईल तेव्हा बघू, असं नाही. गडबड आपणच करून बघायची!

तुमच्यासाठी फंडा

• ट्रायल घ्या, पण ट्रायल लॉटवर. कस्टमरच्या लॉटवर नको.
• पडण्याआधीच मोजमापाची सोय करा. डेटा नसेल तर ते नुसतंच नुकसान.
• चूक सांगणाऱ्याला झापू नका. पुढच्या वेळी तो सांगणारच नाही, आणि तुम्हाला कळेल ते कस्टमरकडूनच.
• दुसऱ्यांदा चुकायला हरकत नाही, फक्त चूक नवी हवी.

आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये एकच शब्द बदलून बघा. ‘कोणी झालं’ हे शोधण्याऐवजी विचारा, ‘कशामुळे झालं?’