जेटमध्ये साचलेला डिंक

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात डिसेंबरच्या सुमारास आडसाली उसाची मोठी बांधणी उरकते आणि पेट्रोलवरचा पॉवर विडर शेडच्या कोपऱ्यात जातो. ऊस डोक्यावर गेला की सरीत यंत्र शिरत नाही. ज्याचे सगळे रान उसाखाली आहे, तो पुढच्या लागणीपर्यंत, म्हणजे सहा-सात महिने, त्या यंत्राकडे फिरकत नाही. जुलैत ताडपत्री निघते, दोरी ओढली जाते. एकदा, दहादा, पंचवीस वेळा. प्लग काढून पुसला, पुन्हा बसवला, तरी इंजिन ढिम्म. चालू झालेच तर चोक ओढलेला असेपर्यंत धडधडते आणि चोक सोडला की मान टाकते. मग कुणीतरी स्पेअर पार्टच्या दुकानातली छोटी बाटली सुचवतो: टाकीत ओता, कार्बोरेटर आपोआप साफ होतो.

होतो का? कधीकधी होतो. पण बहुतेक वेळा ही बाटली टाकीत पडते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

कार्बोरेटरच्या पोटात एक छोटी वाटी असते आणि तीत फ्लोट तरंगतो. टाकीतले पेट्रोल आधी या वाटीत येते, तिथून जेटच्या बारीक भोकांतून वर ओढले जाते आणि हवेत मिसळते. सगळ्यांत बारीक भोक असते स्लो जेटचे, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. वाटी हवेला उघडी असते आणि बारामती-इंदापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. पेट्रोल म्हणजे एकच पदार्थ नव्हे, शेकडो हायड्रोकार्बनचे ते मिश्रण. त्यातले हलके घटक, ज्यांच्या जोरावर थंड इंजिन पेट घेते, ते आधी उडून जातात. उरलेल्यांतले काही हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि तळाला तपकिरी, चिकट थर धरतो. बाभळीच्या खोडावर वाळलेल्या डिंकासारखा. थोडासा थरही स्लो जेट बुजवायला पुरतो. चोक ओढला की हवा कमी होते आणि जे काही थोडे पेट्रोल येते त्यावर इंजिन कसेबसे निभावते. चोक सोडताच हवा वाढते, पेट्रोल तेवढेच राहते, इंजिन बंद.

बाटलीतले औषध या डिंकावरचेच. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या तेल कंपन्या कार्बोरेटर स्वच्छ राहावा म्हणून पेट्रोलमध्ये डिटर्जंट घालू लागल्या. पुढे पॉलिइथर अमाइन जातीची जास्त प्रभावी रसायने आली. त्यांचे काम साबणासारखे: रेणूचे एक टोक मळाला किंवा धातूला धरते, लांब शेपूट पेट्रोलमध्ये विरघळते, आणि मळ हळूहळू सुटून इंजिनात जळून जातो. आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या महागड्या ब्रँडेड पेट्रोलमध्येही अशी द्रव्ये घातलेली असतात.

‘हळूहळू’ हा शब्द इथे महत्त्वाचा. रेस किंचित वरखाली होते, पिकअप सुस्त झाला आहे, पण इंजिन चालते आहे, अशा वेळी डिटर्जंट दोन-तीन टाक्यांत फरक दाखवू शकतो. जेट पुरता बुजला असेल तर मात्र औषध ज्या भोकातून जायचे तेच बंद. टाकीत बाटली ओतून काय होणार? तिथे कार्बोरेटर खोलणे, जेट काढून क्लीनरचा फवारा मारणे आणि कॉम्प्रेसरची हवा देणे, एवढाच मार्ग. भोकात घालायचेच तर विजेच्या वायरमधली तांब्याची मऊ तार घालावी. पोलादी पिन घातली तर भोक मोठे होते आणि इंजिन कायमचे जास्त पेट्रोल पिऊ लागते.

पाठीवरच्या टू-स्ट्रोक पंपाची आणि ब्रश कटरची गोष्ट आणखी वेगळी. त्यांच्यातल्या बऱ्याच कार्बोरेटरमध्ये फ्लोट नसतोच. यंत्र आडवे-तिरके झाले तरी चालावे म्हणून पातळ पडदा बसवलेला असतो. तो कडक पडला, की कोणतेही द्रव्य त्याला पुन्हा मऊ करत नाही. पडदा बदलावाच लागतो.

दुसऱ्या जातीची बाटली स्टॅबिलायझरची. तिच्यातली द्रव्ये पेट्रोल आणि ऑक्सिजनचा संयोग रोखून धरतात. दुधाला विरजण लागण्याआधी ते तापवावे, तसे हे काम. नासल्यावर तापवून उपयोग नाही. ताज्या पेट्रोलमध्ये, यंत्र ठेवण्याआधी, ते टाकायचे आणि मग पाच-दहा मिनिटे इंजिन चालवायचे, म्हणजे औषधी पेट्रोल कार्बोरेटरच्या वाटीपर्यंत पोचते. नुसते टाकीत ओतून झाकण लावले तर वाटीत जुनेच पेट्रोल राहते, आणि डिंक तर तिथेच धरतो.

आता या भागाच्या जिव्हाळ्याचा विषय. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पहिले प्रयोग 2001 मध्ये झाले, तेही महाराष्ट्रात मिरज आणि मनमाड इथे आणि उत्तर प्रदेशात. 2003 पासून काही राज्यांत 5 टक्के मिश्रण आले, 2022 मध्ये देशाची सरासरी 10 टक्क्यांवर गेली, फेब्रुवारी 2023 पासून 20 टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. माळेगाव आणि सोमेश्वर साखर कारखान्यांच्या सभासदांना इथेनॉल म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. उसाच्या बिलाशी त्याचा संबंध आहे, त्याला शिव्या देऊन भागणार नाही. पण तेच इथेनॉल जुन्या विडरच्या टाकीत येते तेव्हा यंत्राची निगा बदलावी लागते.

कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. 10 टक्के मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी मुरते, त्यापुढे मिश्रण फाटते. पाणी आणि इथेनॉल खाली बसते, पेट्रोल वर राहते, आणि इंजिन ओढते ते तळाचेच. पाण्यामुळे ॲल्युमिनियमच्या वाटीत पांढरी भुकटी धरते, तीही जेटमध्ये अडकते. शिवाय एक किलो पेट्रोल पुरते जळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला सुमारे 9. इंजेक्शनच्या गाडीतला संगणक हे गणित सांभाळून घेतो. ठरावीक भोकाचा जेट काहीच सांभाळत नाही. आधीच थोडा बुजलेला जेट आणि त्यात हे मिश्रण, की गव्हर्नर लावलेल्या इंजिनाची रेस आपोआप वरखाली होऊ लागते. अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा 10 टक्के छापलेली आहे. दुकानदाराने ते पान ग्राहकाला उघडून दाखवायला हवे.

नव्या दुचाकींचा हा प्रश्न मिटला आहे. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 प्रदूषण मानके आल्यावर इंजेक्शन आले. कार्बोरेटर उरला तो जुन्या मोटारसायकलींत आणि शेतीच्या यंत्रांत. जुन्या पिढीला तो पद्मिनी मोटारीतूनही ओळखीचा.

घरगुती उपायांपासून मात्र लांब राहिलेले बरे. डांबराच्या गोळ्या पेट्रोलमध्ये विरघळतात खऱ्या, पण पेट्रोल उडाले की त्यांचे खडे मागे राहतात, तेही जेटच्या तोंडाशी. थिनर टाकीत ओतला तर पाइप आणि फ्लोटच्या सुईच्या टोकाचे रबर फुगते. फाटलेल्या पेट्रोलवरही औषध नाही. बिनरंगाच्या काचेच्या बाटलीत थोडे काढून उजेडात धरावे. खाली वेगळा थर दिसला, तर टाकी रिकामी करून धुवावी.

बिनखर्चाचा उपाय बांधणीच्या शेवटच्या दिवसाचा आहे. शेवटची सरी झाली, की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन तसेच चालू ठेवायचे. दोन-चार मिनिटांत ते अडखळते, रेस एकदा वर जाते आणि बंद पडते. इंजिन गार झाले की वाटीखालचा स्क्रू, बऱ्याच यंत्रांत दहा नंबरच्या पान्याचा, सैल करायचा. उरलेले चमचाभर पेट्रोल खाली ठेवलेल्या डब्यात येते. टाकीतलेही काढून त्याच दिवशी मोटारसायकलमध्ये ओतायचे. मग विडर ताडपत्रीखाली.