दाराच्या पोटात भाताचं तूस

पनवेल-खारघरच्या उंच इमारतींत जिन्याचं दार दोन तास आग अडवणारं हवं, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगते. त्याच्या गाभ्यात रायगडच्या भातगिरण्यांतलं तूस चालेल? कल्पना वेडगळ नाही. तुसाच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा राख, आणि ती बहुतांशी सिलिका. म्हणून ते सावकाश जळतं. युरोपात जवसाच्या काड्यांचे फलक अशा दारांत वापरतातच. मात्र चाचणीच्या भट्टीत तासाभरात ९४५ अंश सेल्सिअस होतं, आणि दगा देतात त्या बहुधा फटी. त्यासाठी कडेला तापल्यावर फुगणारी पट्टी लागते. दार पाचर लावून उघडं ठेवायची आपली सवय वेगळीच! चाचणीही नुसत्या गाभ्याची नसते. चौकट, बिजागऱ्या, कुलपासकट अख्खं दार भट्टीला लावतात.